सातऱ्यावरचं रडणं

मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे देठ खुडायच्या खळ्यावर, नवी बाई आली, की सुरुवातीला ती नुसती खोकते आणि रडते. नाक गळतं, डोळे गळतात, बोटांची आग आग होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन लेकराच्या अंगाला हात लावायची सोय राहत नाही. मग हळूहळू अंग सरावतं. प्रेमिलाचं केव्हाच सरावलं होतं. सावरटोल्यात चंपतरावांच्या सातऱ्यावर लाल मिरचीचे ढीग पडले आणि भोवती बाया देठ खुडायला बसल्या, की ती तोंडाला फडकं बांधून जी मान खाली घालायची, ती जेवणाच्या सुट्टीलाच वर करायची. बाजूला जयवंता दिवसभर बडबडायची, प्रेमिला ऐकायची. कमी बोलणारी बाई, म्हणून बोलेल ते खरं, असा तिचा लौकिक. काट्यावर वजनावरून भांडण लागलं की दोन्हीकडच्या म्हणायच्या, प्रेमिलाबाईले विचारा. ती सांगेल तिथं भांडण मिटायचं. जमीन नाही, जुमला नाही. एक शब्द तेवढा होता, तो तिनं जपला होता.

घरात तिघं. ती, नवरा धोंडबा आणि सून नंदिनी. मुलगा प्रशिक कामठी-नागपूर ऑटो चालवायचा आणि कामठीतच खोली घेऊन राहायचा. पोटुशी नंदिनी सासूजवळ होती. धोंडबाचा उजवा पाय ओढत चालायचा. आदल्या सालच्या धानकापणीत त्याला बांधीत, धानाच्या वाफ्यात, साप चावला होता, त्याची ती खूण.

ती दुपार प्रेमिलाच्या अंगातून गेली नव्हती. धोंडबाला पाठुंगळी मारून तिनं रस्त्यापर्यंत आणलं होतं, ते कसं आणलं हे तिचं तिलाच कळलं नाही. दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन नागपूरला गेलेली. रस्त्यानं मोटरसायकली गेल्या. ट्रॅक्टर गेला. एक पांढरी कार हळू झाली, काचेतून कोणी वाकून पाहिलं आणि कार पुढे निघून गेली. तोंडाला फेस आलेला माणूस कोणाला आपल्या सीटवर पाहिजे? प्रेमिला त्याचं डोकं मांडीवर घेऊन गालावर चापट्या मारत होती, झोपू नका, झोपू नका म्हणत होती. तेवढ्यात मौद्याकडून रुपरावची जीप आली.

रुपराव जिल्हा परिषदेचा मेंबर. त्यानं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. उतरला, धोंडबाच्या काखेत हात घातले, उचलून मागच्या सीटवर टाकला आणि गाडी थेट नागपूरला नेली. वाटेत धोंडबानं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओकारी केली. दवाखान्यात सुया लागेपर्यंत रुपराव तोच सदरा घालून व्हरांड्यात उभा होता. पुढे कधी कुठे त्यानं ही गोष्ट काढली नाही, हे विशेष. राजकारणातला माणूस, एवढी गोष्ट हाताशी असताना गप्प बसला. कोणी विषय काढलाच तर प्रेमिला म्हणायची, "माणूस हाय तो. माणसासारखा आला." तिच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी तारीफ कोणी ऐकली नव्हती.

यंदा सातरा भरात आला आणि निवडणूकही लागली. रुपराव पुन्हा उभा. समोर मधुसूदन. हा गडी मूळचा शेजारच्या गावचा, पण घर नागपुरात धरमपेठेत, कारभार सगळा तिकडून. त्याचे बॅनर सर्कलभर, म्हणजे सगळ्या मतदारसंघात, लागले आणि चंपतराव त्याच्या बाजूनं कामाला लागले. एका सकाळी सातऱ्यावर पांढरी गाडी आली. गाडीतून चारुलता नावाची मुलगी उतरली. अंगात सुती कुर्ता, पायात कोल्हापुरी, गळ्यात चॅनलचं ओळखपत्र. चॅनलचं नाव 'मातीची हाक', आणि ते मोबाइलवर दिसतं. सोबत कॅमेरावाला. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. बायांच्या शेजारी तशीच मातीत बसली, खोकून खोकून लाल झाली, तरी उठली नाही. आम्हाला नेत्यांचं ऐकायचं नाही, तुमचं ऐकायचंय, असं म्हणाली. असं कोणी म्हटलं, की माणूस विरघळतोच.

चंपतरावांनी तिला सरळ प्रेमिलासमोर आणून उभं केलं. ही आमची प्रेमिलाबाई, हिनं सांगितलं म्हणजे गाव मानते, असं सांगितलं आणि बाजूला झाले. लोकांना फसवायचं, तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याचंच तोंड पाहिजे, एवढं शहाणपण त्या माणसात होतं.

चारुलता म्हणाली, मावशी, फडकं काढा, चेहरा दिसला पाहिजे. प्रेमिलानं काढलं. कॅमेरावाल्यानं तिला ढिगाला लागून बसवलं, मागे लाल रंग चांगला येतो म्हणून. ढिगाच्या पलीकडून गडी फावड्यानं मिरची उलटवत होते, आणि खकाणा उठून सरळ तिच्या उघड्या तोंडावर येत होता. चारुलतानं सापाच्या दिवसाचं विचारलं. प्रेमिला सांगू लागली. सांगता सांगता डोळ्यांतून धारा लागल्या.

आता खरं बोलायचं, तर त्या पाण्यात बाराआणे मिरची होती आणि चाराणे धोंडबाचं ते मांडीवरचं डोकं होतं. पण ते वेगळं कोण करणार? ती बोलली ते असं. "गाडीले फोन केला. गाडी नाई आली. मी रस्त्यावर बसली होती यायचं डोस्कं मांडीवर घेऊन. लोकं पाहून पाहून गेले. कोणी आलं नाई. कोणी म्हणजे कोणीच नाई." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुढे म्हणाली, मंग रुपरावभाऊ आले. मग जीप, ओकारी, सदरा, व्हरांडा, सगळं सांगितलं. न बोलणारी बाई त्या दिवशी पोटभर बोलली. चांगल्या माणसाची चांगली गोष्ट नागपूरपर्यंत जाईल, म्हणून ती मनातून खूश होती. चारुलतानं तिचा हात हातात घेतला. तिचेही डोळे भरले होते. जयवंता नंतर म्हणाली, पोट्टी मोठी मायाळू हाय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी व्हिडिओ आला. 'कोणीच नाई' इथं तो संपत होता. मागे बासरी वाजत होती, आणि पदरानं डोळे पुसणारी प्रेमिला हळूहळू थांबून तशीच राहत होती. मग काळ्यावर पांढरी अक्षरं: या माउलीचा गुन्हा काय? तेव्हा कुठे होते तुमचे मेंबर?

प्रेमिलाजवळ साधा मोबाइल. तिला जयवंतानं दाखवला. तिला वाटलं, पुढचा भाग अजून यायचा आहे. ती जयवंताला म्हणाली, पुढे लाव. जयवंता म्हणाली, पुढं काही नाई वं, इतलंच हाय.

त्या दिवसापासून प्रेमिलाची वागणूक बदलली नाही, लोकांची बदलली. सातऱ्यावर तिला सावलीची जागा मिळाली. पाणी आधी तिच्याकडे यायला लागलं. बाया तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. ती म्हणायची, अवं, तसं नाई झालं, रुपरावभाऊच तर घेऊन गेले. बाया मान हलवायच्या, जशी आजाऱ्यापुढे हलवतात. खकाण्यानं पाणी आलं होतं, असं तिनं जयवंताला सांगितलं, तर जयवंता रागावली. म्हणाली, "मले शिकवून राहिली का? तुह्या डोळ्यात खकाण्यानं पाणी येते का कधी? इतके साल बाजूले बसतो मी. ते आतलं रडणं होतं." फडकं न बांधता ढिगाजवळ कोण बसतं, हे जयवंताला कळू नये असं नाही. पण तिला ते रडणं आवडलं होतं, आणि आवडलेलं सोडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही.

गावानं तर कमालच केली. रुपरावची जीप धोंडबाला घेऊन जाताना निम्म्या गावानं डोळ्यांनी पाहिली होती. तेच लोक आता चहाच्या टपरीवर म्हणत होते, नेलं ते नेलं, पण केव्हा नेलं? तासभर बाई रस्त्यावर बसून राहिल्यावर नेलं. दुसरा म्हणायचा, त्याले कोणी फोन केला असन, की मतं जातीन बावा, मंग निंघाला. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढची जीप रोज थोडी उशिरा येत होती. दुसऱ्या गावांत तर जीप आलीच नव्हती.

वस्तीतली पोरं एका संध्याकाळी घरी आली. जयभीम केला, खाली बसली. मावशी, आपल्या माणसासाठी कोणी थांबलं नाही, आपण मोर्चा काढू, तुम्ही फक्त पुढे चाला, असं म्हणाली. पोरांचे चेहरे खरे होते, राग खरा होता, त्यात लबाडी नव्हती. प्रेमिलानं त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातला शिकलेला होता तो हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्यावर दबाव हाय का कोणाचा?"

प्रेमिलानं धोंडबाकडे पाहिलं. निदान यानं तरी बोलावं. आपण जिवंत आहोत ते कोणामुळे, हे यानं सांगावं. धोंडबा भिंतीला पाठ लावून बसला होता. तो आपल्या ओढत्या पायावरून हात फिरवत राहिला.

पोरं गेल्यावर नंदिनी स्वयंपाकाला लागली. मिरचीच्या दिवसांत पीठ तीच मळायची, सासूच्या हाताची भाकर कोणाच्या तोंडाला लागायची नाही. बोटांची आग शमावी म्हणून प्रेमिला हात ताकात बुडवून बसली होती. धोंडबानं नंदिनीचा मोबाइल घेतला, तोच व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा पाहिला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

म्हणाला, "तू मले हे सांगतलंच नाई वं कधी."

"काय नाई सांगतलं?"

"का कोणीच आलं नाई म्हणून. मी मरून राहिलो होतो अन् कोणी आलं नाई. तू मले सांगतलं, रुपराव आला."

प्रेमिलानं हात ताकातून बाहेर काढले. रुपराव आला म्हणूनच तुमी इथं बसून हे पाहून राहिले, असं तिनं म्हटलं. धोंडबा म्हणाला, मी तर बेहोश होतो, मले तू सांगशीन तेच माहीत. आता तूच मोबाइलमधी वेगळं सांगून राहिली, त्याले मी काय करू? अन् घरी बोलताना कधी तुह्या डोळ्यात पाणी आलं नाई, तिथं आलं. मंग खरं कोणतं? हे तो भांडून बोलला नाही. कळवळून बोलला. त्यानं तिचं डोकं जवळ घेतलं आणि थोपटलं, आणि तिला त्या थोपटण्याची इतकी चीड आली की ती उठून बाहेर गेली.

दोन दिवसांनी रुपराव स्वतः आला. पारावर बसला नाही, घरात आला नाही, दारातच उभा राहिला. तो वाळला होता. प्रचाराला जाईल तिथं बायाच आधी विचारायच्या, त्या रडणाऱ्या बाईच्या नवऱ्याले काहून नाई नेलं? एका गावात एक म्हातारी त्याच्या पायाशी थुंकली होती. एरवी तडफेनं बोलणारा माणूस, पण नुसती दाराची चौकट चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या तोंडून आपल्याच जीवदात्याची मान कापली गेली, आणि त्याच्यासमोर उभं राहायचं. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. म्हणाला, माझा भरवसा आहे, पण माझ्या भरवशानं काय होणार, तुम्ही हेच कॅमेऱ्यासमोर सांगा. ती लगेच हो म्हणाली. आता म्हणाल तर आता.

रुपरावचा पुतण्या गोलू मोबाइल घेऊन आला. प्रेमिला हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून बाबासाहेबांच्या फोटोखाली बसली आणि साक्षीला उभी राहिल्यासारखी बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. गोलूनं शूट केलेलं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, काकू, हे कोणी मानणार नाही. तिथं तुम्ही रडत होत्या अन् इथं धडा वाचल्यासारखं बोलून राहिल्या. लोकं म्हणतील, रुपरावनं धमकावलं. ती म्हणाली, मले रडू नाई येऊन राहिलं. गोलू म्हणाला, आणा ना थोडंसं. सांगणं तर खरंच हाय.

प्रेमिलानं पुन्हा प्रयत्न केला. सापाचं आठवलं, मांडी आठवली, रुपरावचा वाळलेला चेहरा आठवला. नाही आलं. डोळे दगडाचे झाले होते. रुपराव बाहेर जीपमध्ये वाट पाहत होता. उद्या प्रचार संपणार होता.

कोपऱ्यात सुपात घरची मिरची पडली होती. ती उठली आणि त्यातली एक हातावर चुरली. नंदिनी म्हणाली, आई, काय करून राहिल्या? तिनं बोट डोळ्याला लावलं.

जन्मभर तिनं नव्या पोरींना एकच गोष्ट शिकवली होती: काही झालं तरी हात डोळ्याजवळ न्यायचा नाही. तीच गोष्ट तिनं केली, आणि तीही बिया चुरलेल्या हातानं. डावा डोळा पेटला. धार लागली, नाक गळलं, आवाज चिरकला. गोलू म्हणाला, बस, बस, बोला. ती बोलली. रुपरावभाऊ आले, न बोलावता आले, माणसासारखे आले, त्यायच्या सदऱ्यावर आमची ओकारी झाली, मी खोटं बोलत नाही. सगळं खरं होतं, अक्षर न अक्षर. संध्याकाळी तो व्हिडिओ गेला.

सकाळी ती सातऱ्यावर पोचली तेव्हा बाया तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, उजवा कोरडा होता. हे व्हिडिओतही स्वच्छ दिसत होतं, आणि बाकी जगाला नाही दिसलं तरी सातऱ्यावरच्या बायांना दिसणारच. रडणाऱ्याचे दोन्ही डोळे गळतात. एक डोळा सुजतो तो हाताच्या मिरचीनं, हे तिथं नव्या पोरीलाही माहीत असतं.

जयवंता म्हणाली, "मिरची लावली तू. रुपरावसाठी मिरची लावली."

हो, लावली, असं प्रेमिलानं म्हटलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. मिरची लावली, पण सांगितलं ते खरं आहे, आणि पहिल्यांदा अर्धंच दाखवलं, असं ती म्हणत राहिली. पण जिनं मिरची लावली असं कबूल केलं, तिचं पुढचं कोण ऐकतं? सातऱ्यावरून ही गोष्ट गावात गेली, गावातून सर्कलमध्ये. मिरची लावून रडवली, मेंबरनं गरीब बाईचे डोळे फोडले, असं झालं. चारुलतानं त्यावर वेगळा व्हिडिओ केला. त्यात तिचा आवाज रागानं थरथरत होता, आणि तो राग अस्सल होता, हेच तर सगळ्यात वाईट. प्रेमिलाला मात्र ती विचारायला आली नाही. पीडित बाईला पुन्हा त्रास नको, असं ती म्हणाली.

चंपतरावांनी प्रेमिलाला बोलावलं. कपाळाला आठी नाही, आवाजात राग नाही. डोळा बरा होईपर्यंत आराम करा म्हणाले. डोळा बरा झाल्यावर ती गेली, तर तिच्या जागेवर दुसरी बाई बसलेली. काट्याजवळ तेव्हा वजनावरून भांडण चाललं होतं. प्रेमिलाकडे पाहून दोघीही म्हणाल्या नाहीत, की हिला विचारा. ती तशीच परत फिरली.

मधुसूदन निवडून आला. गुलाल उधळत मिरवणूक वस्तीसमोरून गेली, तेव्हा डीजेच्या आवाजानं नंदिनीच्या पोटातलं लेकरू ढवळलं. धोंडबा दारात उभा राहून पाहत होता. प्रेमिला दुसऱ्याच्या वावरात तूर उपटायला जाऊ लागली, मिळेल ते काम करू लागली. रुपराव घराबाहेर पडेना, असं कानावर आलं. एकदा बाजारात समोरासमोर आला, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेला. ती हाक मारणार होती. मारली नाही.

उन्हाळा तापला. एका दुपारी प्रेमिला विटांच्या भट्टीवरून पाणी प्यायला घरी आली, तर नंदिनी जमिनीवर लोळत होती. दिवस भरायला अवकाश होता, पण पाणी गेलेलं आणि लुगड्याला रक्त. प्रेमिलानं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. निघाली म्हणाले. पुन्हा लावला, निघाली म्हणाले. प्रशिक कामठीहून निघाला होता, पण कामठी काय अंगणात आहे? मधुसूदनच्या माणसाला लावला, त्यानं उचलला नाही. नंदिनीचे ओठ पांढरे पडत होते. प्रेमिला धोंडबाला म्हणाली, "जा तुमी. रुपरावभाऊच्या पाया पडा. जा."

धोंडबा पाय ओढत उन्हात निघाला. रुपरावच्या दारात जाऊन हात जोडले. आत निरोप गेला, बाहेर यायला वेळ लागला, पण जीप आली. रुपराव स्वतः चालवत होता, बाजूला गोलू. प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला. शेवटी माणूस तो माणूस, असं तिच्या मनात आलं. तिघांनी मिळून नंदिनीला मागच्या सीटवर निजवलं. धोंडबा तिच्या पायाशी बसला. प्रेमिला चढायला गेली, तर रुपराव म्हणाला, थांबा.

तो स्टिअरिंगवर बसला होता. किल्ली हातात होती, लावली नव्हती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, समोर काचेतून पाहत होता.

"मागच्या खेपेले मी मुकाट्यानं नेलं," तो म्हणाला. "मंग तुमी सांगतलं, कोणीच नाई आलं. आता पहिले सांगा, मंग गाडी निंघन."

गोलूनं मोबाइल वर धरला. प्रेमिलाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती म्हणाली, भाऊ, पोरगी मरून राहिली. रुपराव म्हणाला, म्हणूनच, लवकर बोला. लाज वाटत होती त्याला, पण लाजेनं त्यानं किल्ली काही लावली नाही.

ती बोलली. नंदिनीला त्रास सुरू झाला अन् रुपरावभाऊ आले. गोलू म्हणाला, बोलावलं होतं का ते सांगा. तिनं धोंडबाकडे पाहिलं. त्याच्या पायाला अजून उन्हातल्या रस्त्याचं डांबर लागलेलं होतं.

"नाई बोलावलं," ती म्हणाली. "हाक नाई मारली, तरी धावून आले."

"देवमाणूस म्हणा, काकू."

देव न मानणाऱ्या तिच्या घरात हा शब्द कोणी वापरत नव्हतं. "देवमाणूस हाय," ती म्हणाली, आणि मागून नंदिनी अशी ओरडली की प्रेमिलाच्या तोंडून हुंदका फुटला. इतके दिवस कुठे अडून बसलेलं सगळं पाणी दोन्ही डोळ्यांतून धो धो वाहू लागलं. तिनं गाडीच्या दाराला धरलं. रुपराव किल्ली लावायला वाकला. गोलू म्हणाला, एक मिनिट काका, हे चांगलं येऊन राहिलं. मग गाडी निघाली.

मौद्याच्या दवाखान्यात नंदिनी वाचली. मुलगी झाली, लहानशी, पण रडणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर दोघींचं कठीण होतं. घरी आले तोवर व्हिडिओ गावभर झाला होता. जयवंता मुद्दाम नातीला पाहायला आली, आणि प्रेमिलाच्या गळ्यात पडून म्हणाली, दोन्ही डोळे वाहून राहिले होते वं तुहे, आता पटलं मले. वस्तीतली पोरं आली. चंपतरावांचा निरोप आला की सोमवारपासून सातऱ्यावर या. चारुलतानंही तो व्हिडिओ पुढे पाठवला होता आणि वर लिहिलं होतं, माणुसकी अजून जिवंत आहे. रुपराव मात्र आला नाही.

सगळे गेल्यावर धोंडबा मोबाइल घेऊन बसला. स्वतःच्या पायानं तो त्या दारात गेला होता, स्वतःचे हात त्यानं जोडले होते, जीपमध्ये नंदिनीचे पाय धरून तोच बसला होता आणि किल्ली कशी थांबली ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं व्हिडिओ लावला. संपल्यावर पुन्हा लावला. डोळे पुसले.

"हे मात्र खरं बोलली वं तू," तो म्हणाला.

प्रेमिलानं नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, बंद करा ते, पोरगी झोपली हाय.